ते आडनाव विचारतात, आपण नोंदणी क्रमांक विचारू!



गेल्या पावसाळ्यात एक काका माझ्याकडे आले. आयुष्यभर साफसफाईचं काम करून निवृत्त झालेले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला शंभर रुपयांचा बाँड. त्यावर नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि काकांचा अंगठा. परभणी शहराबाहेर रस्त्याला लागून २० बाय ३० चा प्लॉट, किंमत साडेपाच लाख. ग्रॅच्युइटीचे पैसे आले तसे त्यात गेले.

"दादा, बांधकामाला गेलो तर तिथं दुसऱ्याच माणसानं तार ओढली. त्याच्याकडं बी असाच बाँड हाय. आता काय करावं?"

मी मोबाईलवर गट नंबर टाकून सातबारा काढला. जमीन भोगवटादार वर्ग २ ची. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही अशी. एन.ए. नाही, मंजूर ले-आऊट नाही. ज्याने बाँड करून दिला त्याचं नाव सातबाऱ्यावर कुठंच नाही. 

मी विचारलं, "काका, मध्यस्थ कोण होता?"

"आपलाच पोरगा. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं असतो."

"त्याने किती घेतले?"

"काहीच नाही घेतलं दादा. समाजाचं काम म्हणून केलं."

हे शेवटचं वाक्य मला आजही झोपू देत नाही. साडेपाच लाख गेले आणि काका अजूनही त्या पोराचे उपकार मानतात, कारण त्याने त्यांच्याकडून दलाली घेतली नाही. अरे, त्याने घेतली ना! विकणाऱ्याकडून घेतली. काकांच्याच साडेपाच लाखांतून घेतली. फक्त काकांना पावती मिळाली नाही आणि त्याच्यावर कसलीही जबाबदारी आली नाही.

आज मला याच विषयावर थोडं कडू बोलायचं आहे. आपल्या चळवळीत 'दलाल' ही शिवी आहे. विकला गेलेला कार्यकर्ता म्हणजे दलाल, पक्षाच्या दारात बसलेला म्हणजे दलाल. ती शिवी ज्यांना लागू पडते त्यांना ती जरूर द्या. पण या शब्दाच्या तिटकाऱ्यापायी आपण एक मोठी चूक करतो आहोत. जमीन, प्लॉट, घर घेताना जो माणूस नोंदणीकृत आहे, प्रशिक्षित आहे, लेखी करार करून उघडपणे मेहनताना घेतो, त्याला आपण 'दलाल' म्हणून दारातूनच परत पाठवतो. आणि जो 'आपला माणूस' म्हणून फुकट मधे पडतो त्याच्या हातात आयुष्यभराची कमाई देतो. माझं म्हणणं सरळ आहे: आपल्या समाजाने मालमत्तेच्या व्यवहारात व्यावसायिक एजंट नेमला पाहिजे, त्याला पैसे दिले पाहिजेत आणि त्या पैशांच्या बदल्यात त्याच्याकडून जबाबदारी वसूल केली पाहिजे. त्याहून पुढचं म्हणजे आपल्या पोरांनी स्वतः या व्यवसायात उतरलं पाहिजे.

काही मित्र लगेच म्हणतील, "हा काय चळवळीचा विषय आहे का?" तर आधी त्याचं उत्तर.

जमिनीचा प्रश्न हाच जातीचा प्रश्न

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले. परदेशात शिकून आलेला हा विद्वान माणूस, पण शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं आणि जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढलं. त्याच माणसाने पुढे मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं केलं. ते घर पुस्तकांसाठी होतंच, पण त्या वस्तीत स्वतःच्या नावाची जागा असणं हीसुद्धा एक घोषणा होती.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. वतनाची जमीन म्हणजे गावगुलामीची साखळी, हे त्यांनी ओळखलं होतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. लाखो माणसं तुरुंगात गेली ती कशासाठी? पडीक आणि गायरान जमिनीच्या तुकड्यासाठी. आपला आजचा कार्यकर्ता हा इतिहास भाषणात सांगतो. पण त्याला सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचता येत नाही. दादासाहेबांच्या पिढीने तुरुंगात जाऊन जमीन मागितली, आणि आपण शंभर रुपयांच्या बाँडवर ती घालवतो आहोत.

आपला मराठवाडा तर निजामाच्या राजवटीतून आलेला. इथे इनामांचे प्रकार वेगळे, कुळकायदा वेगळा. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० चा, इनाम निर्मूलनाचा कायदा १९५४ चा. म्हणून पुण्या-नाशिकच्या जमिनीचे नियम ऐकून परभणीत व्यवहार करू नये. सेवा इनाम, मदतमाश, देवस्थान इनाम, कुळाची जमीन, गायरानपट्टा, प्रत्येकाची अट निराळी. ती अट सातबाऱ्यावर एका ओळीत लिहिलेली असते आणि त्या ओळीत माणूस बुडतो.

फुकटच्या मध्यस्थाची खरी किंमत

हिशोब मांडू. आपल्याकडे खरेदी-विक्रीत साधारण एक ते दोन टक्के मेहनताना घेतला जातो. आठ लाखांच्या प्लॉटवर दोन टक्के म्हणजे १६ हजार रुपये. हे १६ हजार आपल्या डोळ्यात खुपतात. "एवढे पैसे कशाचे? नुसता प्लॉट तर दाखवला!"

आता फुकटवाला काय करतो ते बघा. मालक सात लाख मागतो, हा तुम्हाला आठ सांगतो. वरचा लाख त्याचा. तुम्ही १६ हजार वाचवले म्हणून खूश, आणि एक लाख गेले हे कळतही नाही. हा प्रकार गंगाखेड रोडवर, जिंतूर रोडवर, वसमत रोडवर प्लॉटिंग सुरू असलेल्या कुठल्याही ठिकाणी चहाच्या टपरीवर बसून ऐका. लोक तो अभिमानाने सांगतात.

आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे फुकटच्या माणसाकडून काही मागता येत नाही. नात्याचा, वस्तीचा, विहाराचा माणूस. त्याला "एन.ए.चा आदेश दाखव" म्हटलं तर तो म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का भाऊ?" आणि आपण गप्प होतो. बुद्धाने स्वतःच्या शब्दावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तपासून घ्या असं सांगितलं. आपण रोज वंदना घेतो आणि आठ लाखांचा व्यवहार श्रद्धेवर करतो!

व्यावसायिक एजंट नेमकं काय करतो?

प्लॉट दाखवणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात छोटं काम. चांगला एजंट पुढच्या गोष्टी करतो.

एक, तो भाव सांगतो. मालक काय मागतो ते कोणीही सांगेल. त्या भागात गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती रुपयांना रजिस्ट्री झाली हे सूची क्रमांक २ वरून दिसतं, आणि सरकारी रेडीरेकनरचा दर वेगळा असतो. हे दोन्ही आकडे समोर ठेवून घासाघीस करणं हे कसब आहे. आपल्या माणसाला मालकासमोर, तो मालक पाटील असेल, सावकार असेल, बिल्डर असेल, भाव पाडून मागायची सवय नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला दिलेलं घ्यायला शिकवलं गेलं. अशा वेळी टेबलावर आपल्या बाजूने बोलणारा माणूस बसणं याची किंमत दोन टक्क्यांपेक्षा जास्त आहे.

दोन, तो कागद गोळा करतो. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, शहरात असेल तर मिळकत पत्रिका, एन.ए. आदेश, मंजूर ले-आऊटचा नकाशा, मोजणी, चतुःसीमा, बँकेचा बोजा. कोणता कागद तलाठ्याकडे, कोणता भूमी अभिलेखला, कोणता महानगरपालिकेत आणि कोणता दुय्यम निबंधकाकडे मिळतो हे त्याला पाठ असतं. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला या चार कार्यालयांत आठ चकरा मारायच्या तर आठ दिवसांची मजुरी बुडते.

तीन, तो बदलत्या नियमांचा माग ठेवतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. २०२५ मध्ये शहरी भागासाठी तो शिथिल करण्याचा निर्णय झाला. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आधी त्याची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. आपल्या कितीतरी वस्त्या या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत उभ्या आहेत. "गुंठेवारीत होऊन जाईल" असं टपरीवर सांगणाऱ्याला यातलं एकही वर्ष सांगता येत नाही.

चार, तो व्यवहार शेवटापर्यंत नेतो. इसार पावती, साठेखत, खरेदीखत, मुद्रांक शुल्क, रजिस्ट्री, मग फेर. रजिस्ट्री झाली की काम संपलं असं आपल्याकडे समजतात आणि फेर ओढायचा राहून जातो. बायकोच्या, आईच्या, बहिणीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून आहे, हे सांगणारा एजंट स्वतःच्या निम्म्या मेहनतान्याची भरपाई तिथेच करून देतो. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी तर ही सवलत नसती तरी घर बाईच्या नावावरच करायला हवं.

कायदा काय म्हणतो, आणि कुठे थांबतो

स्थावर मालमत्तेचा केंद्रीय कायदा २०१६ चा. त्याखाली आपल्या राज्यात 'महारेरा' २०१७ पासून काम करतं. या कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी बंधनकारक आहे. त्याला क्रमांक मिळतो आणि प्रत्येक व्यवहारात तो क्रमांक दाखवावा लागतो. महारेरात प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी 'पी' अक्षराने आणि एजंटचा 'ए' अक्षराने सुरू होतो. मोबाईलवर दोन मिनिटांत तपासता येतो.

कलम १० सांगतं की नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री एजंटने करायची नाही, खोटी माहिती द्यायची नाही, आणि ग्राहकाला हक्काची कागदपत्रं मिळवून द्यायची. मोडलं तर कलम ६२ आहे: दररोज १० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. नोंदणी रद्दही होऊ शकते. जानेवारी २०२४ पासून महारेराने एजंटसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं आहे. म्हणजे आता उद्या सकाळी उठून कोणीही स्वतःला एजंट म्हणवू शकत नाही. निदान या प्रकल्पांपुरतं तरी.

'यापुरतं' हा शब्द मुद्दाम वापरला. प्रामाणिकपणे सांगायचं तर या कायद्याची हद्द लहान आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीचे किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचे प्रकल्प त्यात येतात. जुन्या घराची फेरविक्री, शेतजमीन, भाड्याची खोली यात ही नोंदणी लागत नाही. आपल्या सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ, पालमसारख्या गावांतले बहुतेक व्यवहार याच बाहेरच्या रानात होतात. 

मग तिथे काय करायचं? तिथे नोंदणीकृत एजंटच निवडा, कारण ज्याला क्रमांक गमवायची भीती आहे तो तुमच्या फेरविक्रीतही सांभाळून वागेल. आणि त्याच्याशी एका कागदावर करार करा: मेहनताना किती, कधी द्यायचा, तो कोणाच्या बाजूने काम करतो आहे, विकणाऱ्याकडूनही पैसे घेणार आहे का, कोणते कागद तो आणून देणार, व्यवहार फिसकटला तर काय. मेहनताना रोख नको, बँकेतून द्या. ज्या दिवशी तुमच्या हातात त्याची पावती येते त्या दिवशी तुम्ही उपकार घेणारे राहत नाही, ग्राहक होता. ग्राहकाला तक्रार करता येते.

आणि बाँडबद्दल एकदाच आणि कायमचं लक्षात ठेवा. नोंदणी कायदा १९०८ चा आहे, कलम १७ नुसार शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं की मुखत्यारपत्र आणि साध्या करारावर मालकी हक्क मिळत नाही. नोटरीचा शिक्का लाल असो की निळा, तो तुम्हाला मालक करत नाही.

"पण एजंटच तर आधी जात विचारतो!"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, आणि त्याला बगल देऊन हा लेख लिहिला तर मी खोटा ठरेन.

एम.ए. करायला मी औरंगाबादला गेलो तेव्हा खोली शोधत होतो. एका मध्यस्थाने फोनवर सांगितलं, "खोली आहे, या." गेलो. त्याने नाव विचारलं. नाव सांगितलं. "पूर्ण नाव सांगा ना." आडनाव सांगितलं. मग तो म्हणाला, "मालकाला फॅमिली पाहिजे." फोनवर मी विद्यार्थी असल्याचं आधीच सांगितलं होतं. अर्ध्या तासात खोली विद्यार्थ्याची फॅमिलीची झाली! हा अनुभव एकट्या माझा नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाकडे असा एक किस्सा असेल. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं: सवर्ण नाव सांगणाऱ्याला घर मिळतं, दलित नावाला नकार किंवा जास्तीच्या अटी मिळतात, आणि मुस्लिम नावाची अवस्था त्याहून वाईट. कायद्यानेही आपल्याला पुरेसं वाचवलं नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणं मान्य केलं.

तरीही मी म्हणतो व्यावसायिक एजंट नेमा. का? कारण जातिभेद तोंडी व्यवहारात सुखाने जगतो. तोंडी नकाराला पुरावा नसतो. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला मज्जाव करणं हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आपल्या जमिनीवरून बेकायदा हुसकावणं गुन्हा आहे. कलमं आहेत, पण गुन्हा सिद्ध करायला नाव, तारीख, संदेश लागतो. टपरीवरच्या अनोळखी मध्यस्थाचं काय नाव टाकणार? ज्याच्याशी लेखी करार आहे, ज्याला क्रमांक आहे, ज्याने व्हॉट्सॲपवर "घर उपलब्ध" असं लिहून दिलं आहे, त्याला दुसऱ्या दिवशी "मालक नाही म्हणाले" एवढं बोलून सुटता येत नाही. ते आपल्याला आडनाव विचारतात ना? आपण त्याआधी त्यांना नोंदणी क्रमांक विचारू.

भाड्याच्या खोलीबाबतही हेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे?

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी काय केलं?

आपण ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी केली. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यायची राहिली.

अमेरिकेत १९२४ साली जमीन-घर एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवलं होतं की ज्या वंशाच्या लोकांमुळे मालमत्तेचे भाव पडतील त्यांना त्या वस्तीत आणायचं नाही. आपल्याकडे जे तोंडी चालतं ते त्यांच्याकडे छापील होतं. काळ्या एजंटांना त्या संघटनेत प्रवेशही नव्हता. मग त्यांनी काय केलं? 'सगळे एजंट चोर' म्हणून घरी बसले नाहीत. १९०४ मध्येच फिलिप पेटन नावाच्या काळ्या एजंटने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कंपनी काढून काळ्या भाडेकरूंना घरं मिळवून द्यायला सुरुवात केली होती. कंपनी काही वर्षांतच बुडाली, पण हार्लेमचं दार उघडलं ते उघडलंच. १९४७ मध्ये काळ्या एजंटांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यात घरांतला वंशभेद बंद करणारा कायदा झाला, त्यामागे रस्त्यावरच्या आंदोलनाइतकंच अशा लोकांचं काम होतं. आणि ज्या जुन्या संघटनेने ती आचारसंहिता लिहिली होती तिने २०२० मध्ये जाहीर माफी मागितली.

आपल्याकडे असा माफीनामा कोण लिहिणार? लिहायला लावणारे आपले एजंट आधी त्या बाजारात असले पाहिजेत.

विकतानाही तेच

आतापर्यंत घेण्याबद्दल बोललो. विकताना आपण जास्त लुटले जातो. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आहे, शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्यातही परभणी आहे. रस्त्याची रेघ नकाशावर पडली की गावात पांढऱ्या गाड्या फिरायला लागतात. "मावेजा जास्त मिळवून देतो, एवढे टक्के द्या." हे लोक एजंट नाहीत. भूसंपादनाचा मावेजा हा कायद्याने ठरणारा तुमचा हक्क आहे, त्यात हिस्सा मागणाऱ्याला दारात उभं करू नका. वाढीव मावेजासाठी वकील लागतो.

आणि कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही कधीच नाही! पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजला. तिथेही मूळ वतनदारांच्या नावाने मुखत्यारपत्रच पुढे आलं होतं. गरिबाचा अंगठा, दुसऱ्याचे कोटी. ज्याच्या हातात आपण आपली सही देतो तो कोणाला जबाबदार आहे, हा प्रश्न मुंढव्यात जेवढा होता तेवढाच जिंतूरच्या एखाद्या वाडीतही आहे.

"वकील आहे ना, मग एजंट कशाला?"

दोघंही लागतात. एजंट म्हणजे वकील नव्हे. मागच्या तीस वर्षांचा मालकीचा शोध आणि त्याचा लेखी अहवाल वकिलाकडूनच घ्या, आणि तो वकील एजंटने सुचवलेला नको, तुम्ही निवडलेला हवा. वकील कागद तपासतो. योग्य जागा शोधणं, भाव ठरवणं, मालकाला टेबलावर आणणं हे त्याचं काम नाही. आणि "सगळं ऑनलाइन आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्या काकांचा सातबाराही ऑनलाइनच होता. तो वाचायला कोणी नव्हतं.

आपल्या पोरांनी काय करायचं?

आपल्या जिल्ह्यात पदवी घेऊन बसलेली, स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नात वय घालवणारी शेकडो पोरं आहेत. त्यांना मी म्हणतो, महारेराचं प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, नोंदणी करा. व्यक्तीसाठी नोंदणीचं शुल्क दहा हजार रुपये आणि नोंदणी पाच वर्षांची असते. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा शिकलेल्या पोराला सातबारा वाचायला महिनाभर लागेल.

काम भरपूर आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते, २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. त्या वर्षी ठरलेली कमाल किंमत जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख. त्या दरात जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत, ही सगळ्या कार्यकर्त्यांची तक्रार आहे. गावोगाव फिरून विकणारे मालक शोधणं, त्यांचे कागद स्वच्छ आहेत का बघणं, हे काम प्रशिक्षित माणसाचं आहे. निवेदनं देऊन ते होत नाही.

पण एक अट. 'आपला माणूस' म्हणून धंदा करू नका. निळा झेंडा दुकानाच्या पाटीवर लावून बाँडवर प्लॉट विकणारा हा गावातल्या सावकारापेक्षा वाईट, कारण सावकारापासून आपली माणसं सावध तरी असतात. तुमची ओळख तुमचा नोंदणी क्रमांक, तुमचा लेखी करार आणि तुमची पावती असू द्या.

आणि कार्यकर्त्यांनो, विहारात महिन्यातून एक रविवार या कामाला द्या. लोकांना सातबारा घेऊन बोलवा, मोठ्याने वाचून दाखवा. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, आणि त्याची किंमत सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याने कोठडीत जीव देऊन मोजली. ज्या संविधानासाठी आपण एवढं मोजतो, त्या संविधानाने दिलेला मालमत्तेचा हक्क शंभर रुपयांच्या कागदावर सोडून देऊ नका.

त्या काकांचं प्रकरण आता पोलिसांत आणि वकिलाकडे आहे. पैसे परत मिळण्याची वाट लांबची आहे. परवा ते पुन्हा आले होते. धाकट्या लेकीला भाड्याने खोली बघायची होती. म्हणाले, "दादा, एक एजंट भेटला. मी पहिलं त्याचा नंबर मागितला. फोनचा नाही, दुसरा."

जय भीम! जय संविधान!